रिकामा क्रमांक कोणता?
संगणकाच्या गाभ्यातील क्रमांक-वाटपाची पद्धती

दिल्लीच्या करोल बागेत अजमल खान रोडच्या परिसरात गफार मार्केट नावाची पेठ आहे. खान अब्दुल गफार खान ह्यांचे नाव धारण करणारी ही पेठ मोबाइल फोनच्या विक्रीसाठी व दुरुस्तीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. अशा पेठेतील एखाद्या लहानशा दुकानाची कल्पना वाचकाने करावी. गिऱ्हाईक बिघडलेला फोन देते. दुकानदार त्याला एका क्रमांकाची चिठ्ठी देतो, तोच क्रमांक फोनवर चिकटवितो आणि फोन मागच्या फडताळात ठेवतो. सायंकाळी चिठ्ठी परत आली की फोन बाहेर काढावयाचा, चिठ्ठी फाडावयाची आणि तो क्रमांक पुन्हा वापरास मोकळा समजावयाचा. व्यवहार इतका साधा आहे की त्यात काही शास्त्र असेल, असे कोणास वाटणार नाही.

परंतु दिवसाला दहा फोनांऐवजी दहा हजार फोन येऊ लागले, चिठ्ठ्या देणारी माणसे एकाऐवजी आठ झाली, आणि प्रत्येक चिठ्ठी निमिषार्धात द्यावयाची ठरली, तर मात्र निराळाच प्रसंग उभा राहतो. पुढच्या गिऱ्हाइकाला कोणता क्रमांक द्यावयाचा? तो खरोखरच रिकामा आहे, हे कसे कळावयाचे? दोन माणसांनी एकाच क्षणी एकच क्रमांक दिला तर काय होईल? आणि काल फाडावयाची राहून गेलेली चिठ्ठी घेऊन कोणी आज आला, तर त्याच्या हाती दुसऱ्याचाच फोन जाणार नाही ना?

नेमके हेच प्रश्न त्या दुकानात उघडून ठेवलेल्या प्रत्येक फोनच्या आत, कोणाच्या नकळत, अहोरात्र सोडविले जात असतात. ते कसे सोडविले जातात, हा ह्या पत्रिकेचा विषय आहे.

गाभा आणि त्याचे क्रमांक

संगणकावर अनेक आज्ञावली एकाच वेळी चालतात. यंत्राचा प्रक्रियक, त्याची स्मृती, पडदा, ध्वनिक्षेपक ह्या साऱ्यांवर प्रत्येक आज्ञावली हक्क सांगू लागली, तर यंत्र क्षणभरही चालणार नाही. म्हणून सर्वांच्या वर एक मध्यस्थ आज्ञावली नेमलेली असते. तिला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. अँड्रॉइड जातीच्या सर्व फोनांत लिनक्स नावाचे कर्नेल असते. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ साली त्याचा आरंभ केला. आज खिशातल्या फोनपासून मोठमोठ्या महासंगणकांपर्यंत तेच कर्नेल काम करीत आहे.

कर्नेलला पदोपदी क्रमांक वाटावे लागतात. चालू झालेल्या प्रत्येक प्रक्रियेस एक क्रमांक मिळतो. आज्ञावलीने उघडलेल्या प्रत्येक फायलीस, ठराविक वेळी सूचना देणाऱ्या प्रत्येक घड्याळास, जोडलेल्या अनेक उपकरणांस असेच क्रमांक मिळतात. क्रमांकच का द्यावयाचे? ती वस्तू कर्नेलच्या स्मृतीत जेथे आहे, तो पत्ताच आज्ञावलीला का सांगू नये? ह्याचे कारण सुरक्षिततेत आहे. दुकानदार गिऱ्हाइकास फडताळाची किल्ली देत नाही, चिठ्ठी देतो. चिठ्ठी खोटी असली तर ती नाकारता येते. किल्ली एकदा हाती गेली की कोणते खण उघडले जातील, ह्याचा भरवसा राहत नाही.

तेव्हा क्रमांक-वाटप करणाऱ्या यंत्रणेकडून तीन कामे अपेक्षित असतात. पहिले, रिकामा क्रमांक शोधून तो देणे. दुसरे, क्रमांक सांगितला की त्याची वस्तू दाखविणे. तिसरे, काम संपल्यावर क्रमांक परत घेणे. ही तिन्ही कामे त्वरित झाली पाहिजेत, स्मृती थोडी लागली पाहिजे आणि अनेक प्रक्रियक एकाच वेळी मागणी करीत असले तरी गोंधळ होता कामा नये. माहिती कोणत्या रचनेत मांडून ठेवली म्हणजे हे साधेल, ह्या निवडीवर सर्व काही अवलंबून आहे.

यादीचा मार्ग

सर्वांत सोपा मार्ग वहीचा. दिलेले क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत. नवा क्रमांक हवा असेल तेव्हा मागल्या वेळी दिलेल्या क्रमांकात एक मिळवावा आणि सारी वही चाळून तो कोणाकडे नाही ना, हे पाहावे. असल्यास आणखी एक मिळवून पुन्हा वही चाळावी.

बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रक्रियांचे क्रमांक ह्याच पद्धतीने दिले जात. गणती तीस हजारांवर पोचली की ती पुन्हा आरंभापासून सुरू होई आणि प्रत्येक नव्या क्रमांकासाठी प्रक्रियांचा संपूर्ण तक्ता तपासला जाई. ह्या पद्धतीस आज कोणी हसू नये. त्या काळच्या यंत्रावर एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया फार थोड्या असत. तक्ता लहान असला म्हणजे तो चाळण्यास वेळ लागत नाही, आणि पद्धत सोपी असली म्हणजे चुका होत नाहीत.

अडचण येते ती तक्ता मोठा झाल्यावर. तीस हजार क्रमांकांपैकी जवळजवळ सर्व दिले गेले आहेत, असे समजू. रिकामा क्रमांक सापडेपर्यंत वाईटात वाईट प्रसंगी तीस हजार वेळा प्रयत्न करावा लागेल आणि प्रत्येक प्रयत्नात तीस हजार नोंदी पाहाव्या लागतील. तीस हजार गुणिले तीस हजार, म्हणजे नव्वद कोटी तुलना. आणि त्यांचे फळ काय, तर एक क्रमांक! दहा नोंदींना जी पद्धत उत्तम, तीच लाख नोंदींना घातक ठरते. रचनेची निवड करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: नोंदी किती असतील, आणि उद्या त्या किती होतील?

खुंट्यांचा फळा

दुसरा मार्ग फळ्याचा. एका मोठ्या फळ्यावर प्रत्येक क्रमांकासाठी एकेक छिद्र पाडावे. क्रमांक दिला की छिद्रात खुंटी बसवावी. परत आला की ती काढावी. रिकामा क्रमांक पाहिजे असल्यास फळ्यावर नजर फिरवावी आणि पहिले रिकामे छिद्र पाहावे. संगणकाच्या भाषेत ह्या फळ्यास बिटमॅप म्हणतात. प्रत्येक क्रमांकासाठी स्मृतीतील एकच बिट खर्ची पडते: शून्य म्हणजे रिकामा, एक म्हणजे दिलेला.

ह्या रचनेची काटकसर पाहण्यासारखी आहे. लिनक्समध्ये प्रक्रिया-क्रमांकांची नित्याची मर्यादा ३२,७६८ ही आहे. तितक्या बिटांस ४,०९६ बाइट पुरतात. आणि बहुतेक यंत्रांवर कर्नेल स्मृतीची वाटणी ज्या पानांनी करते, त्यातील एका पानाचे मापही ४,०९६ बाइट एवढेच आहे. म्हणजे साऱ्या क्रमांकांचा हिशेब एका पानावर मावतो. शिवाय प्रक्रियक हा फळा एकेक छिद्र करून पाहत नाही. चौसष्ट बिटांचा एक शब्द तो एकदम उचलतो. शब्दातील सर्व बिटे भरलेली असतील तर तो पुढल्या शब्दाकडे जातो. एखादे रिकामे असेल तर ते कितवे, हे एकदोन सूचनांत सांगतो. नजर एकावेळी चौसष्ट छिद्रांवरून फिरते, असे म्हणावयास हरकत नाही.

हाच विचार आणखी एक पायरी पुढे नेता येतो. उघडलेल्या फायलीस नेहमी सर्वांत लहान रिकामा क्रमांक मिळाला पाहिजे, असा युनिक्स परंपरेतील प्रणालींचा दंडक आहे. म्हणून प्रत्येक वेळी शोध आरंभाकडून करावा लागतो. एखाद्या आज्ञावलीने लाखभर फायली उघडल्या असतील, तर फळ्याचा मोठा भाग भरलेलाच आढळेल. त्यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये फळ्यावर दुसरा लहान फळा बसविला आहे. खालच्या फळ्यावरील एक संपूर्ण शब्द भरला की वरच्या फळ्यावर एक खुंटी बसते. प्रथम वरचा फळा पाहावयाचा, जेथे खुंटी नाही तेथेच खाली उतरावयाचे. चौसष्ट शब्दांचे काम एका शब्दात होते.

अनेक प्रक्रियकांचा प्रश्नही फळ्यावर सुरेख सुटतो. बिट पाहणे आणि ते भरणे ही दोन्ही कामे एकाच अखंड क्रियेत उरकणारी सूचना प्रक्रियकात असते. दोन प्रक्रियकांनी एकाच क्षणी एकाच रिकाम्या छिद्राकडे हात नेला, तरी खुंटी एकाचीच बसते. दुसऱ्यास आपण उशिरा आलो हे तत्काळ कळते आणि तो पुढचे छिद्र शोधतो. २००२ साली लिनक्समध्ये प्रक्रिया-क्रमांकांसाठी अशीच बिटमॅपची योजना आली आणि ती पुढे सुमारे पंधरा वर्षे टिकली.

मात्र फळ्यात दोन उणिवा आहेत. फळा हे सांगतो की क्रमांक दिलेला आहे. तो कोणास दिला आहे, हे सांगत नाही. त्यासाठी शेजारी दुसरी नोंदवही ठेवावी लागते. दुसरी उणीव अशी की फळा क्रमांकांच्या संख्येनुसार मोठा होत नाही, क्रमांकांच्या आकारानुसार मोठा होतो. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर प्रक्रिया-क्रमांकांची कमाल मर्यादा ४१,९४,३०४ इतकी वाढविता येते. तितक्या छिद्रांचा फळा १२८ पाने व्यापील, मग प्रक्रिया दोनच का असेनात. लिनक्समधील योजनेत पान लागेल तेव्हाच मिळविले जाई, त्यामुळे हा अपव्यय प्रत्यक्षात पुष्कळ कमी होई. पण पहिली उणीव राहतच होती.

दोन पर्याय आणि त्यांची दुखणी

क्रमांकावरून वस्तू शोधण्यासाठी विखुरलेल्या कप्प्यांची एक रचना फार वापरली जाते. तिला हॅश तक्ता म्हणतात. क्रमांकावर काही गणित करून येणाऱ्या उत्तराच्या कप्प्यात नोंद टाकावयाची, आणि शोधताना तेच गणित करून त्याच कप्प्यात पाहावयाचे. शोध जलद होतो. परंतु ‘पहिला रिकामा क्रमांक कोणता?’ किंवा ‘सर्व क्रमांक ओळीने वाच’ असे म्हटले, की ही रचना मूक होते. कारण गणिताने क्रमच विस्कटलेला असतो. २०१७ पर्यंत लिनक्समध्ये प्रक्रियांसाठी बिटमॅप आणि हॅश तक्ता अशा दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदत होत्या: एक रिकामा क्रमांक सांगण्यासाठी, दुसरी क्रमांकाचा धनी सांगण्यासाठी. एका कामास दोन वह्या म्हणजे दोन्ही वह्या जुळत्या ठेवण्याची चिंता आलीच.

दुसरा पर्याय संतुलित द्विभाजी वृक्षाचा. लहान क्रमांक डावीकडे, मोठे उजवीकडे, अशी मांडणी करीत गेले की दहा लाख नोंदींत हवी ती नोंद सुमारे वीस पायऱ्यांत सापडते. वीस ही संख्या लहान दिसते. परंतु आजच्या प्रक्रियकाची गती इतकी वाढली आहे की तो हिशेब करण्यात थकत नाही, स्मृतीची वाट पाहण्यात त्याचा वेळ जातो. प्रत्येक पायरी स्मृतीच्या एका नव्या कोपऱ्यात असेल, तर तेथून माहिती येईपर्यंत शेकडो सूचनांचा वेळ फुकट जाऊ शकतो. म्हणून पायऱ्या किती, हा प्रश्न कागदावर दिसतो त्याहून प्रत्यक्षात मोठा असतो.

डाकेच्या पिशवीतील युक्ती

ह्या साऱ्यांहून निराळा मार्ग भारतीयांच्या नित्य परिचयाचा आहे. करोल बागेत येणाऱ्या प्रत्येक टपालावर ११०००५ हा पिनकोड लिहिलेला असतो. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते आणि त्याबरोबरच संस्कृतचे नामवंत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरे ह्यांमुळे पत्रे भलतीकडे जात. गावाच्या नावाऐवजी अंकांवर भिस्त ठेवल्याने हा घोटाळा आवरला.

पिनकोड वाचणाऱ्यास देशातील सर्व टपाल कचेऱ्यांची यादी पाठ असावी लागत नाही. पहिला अंक १, म्हणजे देशाचा उत्तर विभाग. देशाचे असे आठ भौगोलिक विभाग आहेत. नववा सैनिकी टपालासाठी राखलेला आहे. पहिले दोन अंक ११, म्हणजे दिल्ली. पहिले तीन अंक ११०, म्हणजे टपाल वर्गवारीचा जिल्हा. उरलेले तीन अंक ००५, म्हणजे प्रत्यक्ष बटवडा करणारी कचेरी. प्रत्येक टप्प्यावर वर्गवारी करणारा कर्मचारी आपल्यापुरत्याच अंकाकडे पाहतो आणि पत्र त्या अंकाच्या खणात टाकतो. कोठेही तुलना नाही, गणित नाही, शोध नाही. अंक हीच वाट.

कर्नेलमधील रॅडिक्स ट्री ह्याच तत्त्वावर उभा आहे. मराठीत त्यास अंकवृक्ष म्हणता येईल. क्रमांकाचे अंक पाडावयाचे आणि एकेका अंकाने वृक्षाच्या एकेका पातळीवरून खाली उतरावयाचे. फरक एवढाच की कर्नेल दशमान पद्धतीने मोजीत नाही; सर्वसाधारण यंत्रांवर ते चौसष्टमान पद्धतीने मोजते. वृक्षाच्या प्रत्येक गाठीवर चौसष्ट खण असतात. प्रत्येक खणात एक तर खालच्या गाठीचा पत्ता असतो, नाही तर सर्वांत खालच्या पातळीवर प्रत्यक्ष वस्तूचा.

करोल बागेचाच क्रमांक घेऊन पाहू. ११०००५ ह्या संख्येत ४,०९६ चा भाग २६ वेळा जातो आणि ३,५०९ उरतात. ३,५०९ मध्ये ६४ चा भाग ५४ वेळा जातो आणि ५३ उरतात. म्हणजे चौसष्टमान पद्धतीत ह्या क्रमांकाचे तीनच अंक होतात: २६, ५४, ५३. माथ्यावरच्या गाठीच्या २६ व्या खणातून उतरावे, पुढच्या गाठीच्या ५४ व्या खणातून उतरावे, आणि तिसऱ्या गाठीच्या ५३ व्या खणात वस्तू हाती येते. पिनकोडास सहा अंक लागतात, कर्नेलला तीन पायऱ्या पुरतात. तीन पातळ्यांत २,६२,१४४ क्रमांक मावतात आणि चार पातळ्यांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. द्विभाजी वृक्षाच्या वीस पायऱ्यांशी ह्याची तुलना वाचकाने स्वतःच करावी.

रिकामा खण कसा दिसतो?

अंकवृक्षात क्रमांकावरून वस्तू सापडली. पण रिकामा क्रमांक कसा सापडावयाचा? येथे फळ्याची जुनी युक्ती वृक्षाच्या अंगी लावलेली आहे. प्रत्येक गाठीवर चौसष्ट खणांबरोबर चौसष्ट बिटांचा एक खुणांचा शब्द असतो. एखाद्या खणाखाली कोठेही एखादा क्रमांक रिकामा असेल, तर त्या खणाची खूण उभी असते. खाली सर्व भरले की खूण पाडली जाते, आणि त्या गाठीवरील सर्वच खुणा पडल्या की वरच्या गाठीवरील तिची खूणही पाडली जाते.

शोधणाऱ्याने माथ्यापासून निघावे. खुणांच्या शब्दातील पहिली उभी खूण पाहावी आणि त्या खणात उतरावे. तेथेही तसेच करावे. चार पातळ्या असतील तर चार शब्द पाहिले की रिकामा क्रमांक हाती येतो, मग वृक्षात दहा नोंदी असोत वा दहा लाख. क्रमांक परत आल्यावर त्याच वाटेने वर जात खुणा पुन्हा उभ्या करावयाच्या.

स्मृतीचा हिशेबही तपासून पाहू. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर वृक्षाच्या एका गाठीस ५७६ बाइट लागतात. समजा, ५ आणि ४०,००,००० हे दोनच क्रमांक दिलेले आहेत. चाळीस लाखांपर्यंत पोचण्यास चार पातळ्या लागतात. माथ्याची गाठ दोघांना सामाईक. तेथून दोघांच्या वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवर तीन गाठी येतात. एकूण गाठी सात, बाइट ४,०३२. म्हणजे एका पानाहून थोडे कमीच. ज्या फळ्यास १२८ पाने लागली असती, त्याचे काम एका पानात झाले, आणि वर क्रमांकाच्या धन्याचा पत्ताही त्याच रचनेत मिळाला.

ह्याउलट क्रमांकांचा धनी जाणून घेण्याची गरजच नसेल आणि क्रमांक दाट असतील, तर फळाच श्रेष्ठ. एका क्रमांकास फळ्यावर एक बिट लागते, वृक्षाच्या खणास चौसष्ट. कर्नेलने ह्यासाठीही सोय केली आहे. आयडीए नावाच्या रचनेत वृक्षाच्या टोकाशी वस्तूंऐवजी लहान लहान फळे टांगलेले असतात. प्रत्येक फळ्यावर १,०२४ क्रमांक आणि त्यास १२८ बाइट. वर वृक्ष, खाली बिटमॅप. विरळ क्रमांकांसाठी वृक्षाचा लाभ, दाट क्रमांकांसाठी फळ्याचा.

वाचकांना न अडविता

आणखी एक गुण असा आहे की तो आकड्यांत दिसत नाही, पण ज्यावर निवड पुष्कळदा ठरते. क्रमांक देण्या-घेण्याच्या प्रसंगांपेक्षा क्रमांकावरून वस्तू शोधण्याचे प्रसंग फार अधिक असतात. शोधणाऱ्या प्रत्येकाने वृक्षास कुलूप लावावयाचे ठरविले, तर आठ प्रक्रियक असूनही एका वेळी काम एकाचेच होईल आणि उरलेले दाराशी खोळंबतील.

संतुलित द्विभाजी वृक्षात नवी नोंद आली की तोल राखण्यासाठी गाठी फिरवाव्या लागतात. त्याच वेळी कोणी शोधत असेल, तर त्याच्या पायाखालची वाटच बदलते. अंकवृक्षात प्रत्येक क्रमांकाची वाट त्याच्या अंकांनी कायमची ठरलेली असते. गाठी जागा बदलत नाहीत. वृक्ष उंच करावयाचा झाला तर माथ्यावर नवी गाठ बसते. खालचे काही हलत नाही. त्यामुळे शोधणारे कुलपाशिवाय वृक्षात वावरू शकतात. बदल करणाऱ्यांनी तेवढे आपसांत कुलूप पाळावयाचे, आणि काढून टाकलेली गाठ तत्काळ नष्ट न करता, तिच्याकडे पाहत असलेला शेवटचा वाचक निघून जाईपर्यंत थांबावयाचे. ह्या शिस्तीस लिनक्समध्ये आरसीयू असे नाव आहे.

जुनी चिठ्ठी, नवा फोन

आता दुकानातील शेवटचा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. क्रमांक परत आला की लगेच दुसऱ्यास द्यावा काय?

एका आज्ञावलीने दुसऱ्या प्रक्रियेचा क्रमांक लक्षात ठेवला आहे आणि वेळ येताच ‘तू थांब’ असा आदेश तिला पाठवावयाचा आहे, असे समजू. मधल्या वेळात ती प्रक्रिया आपोआप संपली आणि तोच क्रमांक एका नव्या, निरपराध प्रक्रियेस मिळाला. आदेश त्या नव्या प्रक्रियेवर जाऊन पडेल आणि तिचे चालू काम मध्येच तुटेल. पत्र योग्य पत्त्यावर गेले, पण घरात भाडेकरू दुसरा होता.

ह्यावर पहिला उपाय सर्वांत लहान रिकामा क्रमांक न देता मागल्याच्या पुढचा क्रमांक देण्याचा. गणती फिरून येईपर्यंत जुना क्रमांक पुन्हा वापरात येत नाही, आणि तोपर्यंत जुन्या चिठ्ठ्या बहुधा संपलेल्या असतात. प्रक्रियांचे क्रमांक असेच चक्राकार दिले जातात. त्याची किंमत अशी की क्रमांक मोठे व विखुरलेले होतात आणि वृक्षास अधिक गाठी लागतात. दुसरा उपाय चिठ्ठीवर खणाच्या क्रमांकाबरोबर फेरीचा क्रमांकही लिहिण्याचा. खण तोच असला तरी फेरी निराळी आहे, म्हणून जुनी चिठ्ठी ओळखू येते. प्रक्रियांमधील परस्पर-संदेशाच्या एका जुन्या योजनेत लिनक्स ही युक्ती वापरते. तिसरा उपाय २०१९ साली लिनक्समध्ये आला: प्रक्रियेचा नुसता क्रमांक न बाळगता तिच्याशी बांधलेली उघडी फाइलच हाती ठेवावयाची. प्रक्रिया संपली तरी ती फाइल दुसऱ्या प्रक्रियेकडे कधीच बोट दाखवीत नाही.

पहिला उपाय धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. क्रमांकांची मर्यादा ३२,७६८ असेल आणि यंत्र घाईने प्रक्रिया निर्माण करीत असेल, तर चक्र थोड्याच वेळात पूर्ण फिरते. म्हणून मोठ्या यंत्रांवर मर्यादा चाळीस लाखांच्या वर नेतात. मर्यादा वाढली की फळ्याची रचना महाग पडू लागते आणि वृक्षाची स्वस्त. सुरक्षिततेची निवड आणि रचनेची निवड ह्या अशा परस्परांत गुंतलेल्या आहेत.

निवड कशी झाली

लिनक्समध्ये हे सर्व एका दिवसात ठरले नाही. क्रमांकावरून वस्तू देणारी आयडीआर ही रचना जिम ह्यूस्टन ह्यांनी २००२ साली लिहिली. फळ्यांची आयडीए तेजुन हिओ ह्यांनी २००७ साली तिच्यात भर घालून दिली. आयडीआरचा वृक्ष आणि कर्नेलमधील दुसऱ्या कामांसाठी असलेला अंकवृक्ष हे दोन निरनिराळे होते. २०१७ साली ते एक करण्यात आले. त्याच वर्षी गार्गी शर्मा ह्यांनी केलेल्या फेरफारांनी प्रक्रिया-क्रमांकांचा जुना बिटमॅप आणि त्याच्या शेजारचा हॅश तक्ता हे दोन्ही दूर झाले आणि त्यांची जागा एकट्या आयडीआरने घेतली. दहा हजार प्रक्रिया चालू ठेवून चाचणी घेतली, तेव्हा प्रक्रियांची यादी काढण्याचे काम पूर्वीपेक्षा लवकर झाले, आणि आज्ञावलीचा तो भागही पुष्कळ आखूड झाला. २०१८ च्या अखेरीस मॅथ्यू विलकॉक्स ह्यांची एक्सअरे ही रचना आली. वृक्ष तोच, पण कुलूप आणि स्मृती ह्यांची व्यवस्था त्यात सुरक्षितपणे सामावलेली आहे, म्हणून नवे काम करणाऱ्याने तीच वापरावी, असे कर्नेलच्या दप्तरात लिहिलेले आहे.

२००२ मध्ये बिटमॅप निवडणारे चुकले होते काय? मुळीच नाही. त्या वेळच्या मर्यादेस एक पान पुरत होते आणि क्रमांक देण्याचे काम बहुधा एका खुंटीत होत होते. पुढे सर्वसामान्य वापराची रचना इतकी सुधारली की एका कामासाठी खास रचना जपण्याचे कारण उरले नाही. कमी आज्ञावली म्हणजे चुकांना कमी जागा, हाही एक हिशेबच आहे.

ह्या इतिहासातून निवड करणाऱ्यास काही प्रश्न हाती लागतात. क्रमांक थोडेच आणि कायम थोडेच राहणार असतील, तर साधा तक्ता पुरे. केवळ रिकामा क्रमांक हवा असेल आणि क्रमांक दाट असतील, तर बिटमॅप किंवा आयडीए. क्रमांकावरून वस्तूही हवी असेल, तर अंकवृक्ष. क्रमांक यंत्राबाहेरच्या कोणाच्या स्मरणात राहणार असतील, तर ते लगेच पुन्हा देऊ नयेत. आणि कर्नेलमध्ये तयार, कसाला लागलेली रचना असताना स्वतःची नवी लिहू नये. कारण क्रमांक-वाटपातील चूक बहुधा वर्षावर्षांत एकदाच, ऐन गर्दीच्या क्षणी प्रकट होते आणि तेव्हा ती पकडणे फार दुष्कर असते.

गफार मार्केटमधील कारागीर फोन जोडून झाल्यावर त्याचे बटन दाबतो. पडदा उजळेपर्यंत जे काही क्षण जातात, तेवढ्यात आतील कर्नेल शेकडो प्रक्रियांना क्रमांक देऊन मोकळे झालेले असते. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करते, कारागीर फोनवरचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहतो आणि मगच फोन हवाली करतो. तो ताडून पाहण्याचा क्षण दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे.